आधीची पानं

कृष्णपुऱ्यातल्या एका जुन्या मराठी ग्रंथालयात मी देवघेवीच्या टेबलाशी बसते. वाचकाच्या कार्डावर नोंद करायची, पुस्तक काढून द्यायचं, परत आलेलं चाळून जागेवर लावायचं, सुटलेली पानं खळीनं चिकटवायची, बांधणीला द्यायचा गठ्ठा बाजूला काढायचा, हे माझं काम. तरुण वयात इथं लागले आणि इथलीच झाले. दिवसातला बराचसा वेळ कादंबऱ्या आणि दिवाळी अंक काढून देण्यात जातो. माझा जीव मात्र आतल्या खोलीतल्या तीन कपाटांत आहे. एकात इतिहास, दुसऱ्यात राजकारण, आणि तिसऱ्यात दुष्काळ, पूर, भूकंप, साथी, धरणं, कारखान्यांतले अपघात. या पुस्तकांत कल्पित काही नसतं. माणसांवर खरोखर जे गुदरलं ते कोणीतरी कागदपत्रं धुंडाळून, माणसांना भेटून, पुन्हा पुन्हा पडताळून लिहिलेलं असतं. ही पुस्तकं नेणारे वाचक थोडे, पण ते परत करताना बोलतात. त्यांचं बोलणं ऐकत ऐकत ही पुस्तकं कशी वाचायची ते मी शिकले.

इंदूर न पाहिलेल्यांना कृष्णपुऱ्याची ओळख करून द्यायला हवी. राजवाड्यापासून चालत निघालं की काही मिनिटांत कान्ह नदीवरचा पूल लागतो आणि काठावर होळकरांच्या दगडी छत्र्या दिसतात. एक कृष्णाबाईंची, दुसरी तुकोजीराव दुसरे यांची, तिसरी शिवाजीरावांची. कृष्णाबाई म्हणजे दुसऱ्या मल्हाररावांच्या आई. त्यांच्याच नावानं ही वस्ती ओळखली जाते. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरला होळकरांचं सैन्य इंग्रजांपुढे हरलं, ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसौरचा तह झाला आणि त्यानंतर होळकरांची राजधानी इंदूरला आली. म्हणजे हे शहर राजधानी झालं तेच एका पराभवानंतर.

राजवाड्याचंही तसंच. १८०१ साली शिंद्यांचे सरदार सर्जेराव घाटगे यांनी इंदूर लुटलं, तेव्हा तो जाळला गेला. १८३४ साली तिथं पुन्हा आग लागली. १९८४ च्या नोव्हेंबरात, पंतप्रधान इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या दंगलीत तो तिसऱ्यांदा जळला. एकाच वास्तूला तीन आगी : दोनदा लावलेली, एकदा लागलेली. शाळेची मुलं सहलीला येतात, राजवाडा बघून आमच्याकडे डोकावतात आणि हमखास विचारतात, “कोणी जाळला?” या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला तिन्ही कपाटं उघडावी लागतात. एकट्या इतिहासाच्या कपाटात ते मिळत नाही.

इंदूरच्या मराठी वाचकाला पानिपत हळवं करतं. दक्षिणेतल्या वाचकालाही करतं, पण इथं त्यात एक वेगळा सल आहे. १४ जानेवारी १७६१ च्या लढाईत दिवस कलताना मल्हारराव होळकर रणांगणातून निघाले. त्यांनी तसं का केलं यावर इतिहासकारांचं आजही एकमत नाही, आणि होळकरांच्या शहरात हा वाद पुस्तकातला राहत नाही, तो घरातला होतो. निवृत्त शिक्षक असलेले एक वाचक नेहमी येत. एकदा ते मला म्हणाले, “ताई, मल्हारराव पळाले एवढंच सांगणारं पुस्तक मला नको. आणि त्यांची नुसती स्तुती करणारंही नको. काय झालं होतं ते नीट मांडलेलं असेल ते द्या.”

मी त्यांना दोन पुस्तकं काढून दिली. एक त्र्यं. शं. शेजवलकरांचं पानिपतावरचं. डेक्कन कॉलेजनं ते १९४६ साली इंग्रजीत काढलं आणि लढाईला दोनशे वर्षं झाली त्या १९६१ साली ते मराठीत आलं. दुसरा, वि. का. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा १८९८ सालचा पहिला खंड. त्यात १७५० ते १७६१ या काळातली अस्सल पत्रं आहेत. पत्रं वाचणं सोपं नसतं. मोडीतून उतरवलेली भाषा, गावांची जुनी नावं, तिथी, कोण कोणाला काय म्हणून लिहितो याचा घोळ. शिक्षकांनी मुदत वाढवून घेतली, पुन्हा वाढवून घेतली. पुस्तकं परत आली तेव्हा पत्रांच्या खंडात कागदाच्या चिठ्ठ्या घातलेल्या होत्या.

“मल्हाररावांचं राहू द्या, ताई,” ते म्हणाले. “हे धान्याचं बघा.”

चिठ्ठ्या होत्या त्या पानांवर मराठ्यांचे सेनापती सदाशिवरावभाऊ यांनी उत्तरेतले कारभारी गोविंदपंत बुंदेले यांच्याकडे पैशांसाठी आणि रसदेसाठी लावलेला तगादा होता. मराठ्यांची छावणी १७६० च्या नोव्हेंबरापासून पानिपतावर अडकून पडली होती. लढणाऱ्यांबरोबर यात्रेकरू होते, बायकामुलं होती, बाजारबुणगे होते. डिसेंबरात गोविंदपंत मारले गेले आणि उरलीसुरली रसदही तुटली. लढाई एका दिवसाची. उपासमार दोन अडीच महिन्यांची. लढाईच्या दिवशी जे सैन्य बाहेर पडलं ते आधीच उपाशी होतं. शिक्षक म्हणाले, “आम्ही जन्मभर त्या संध्याकाळबद्दल भांडलो. पण हा निकाल तर त्याआधीच्या पत्रांत लिहिला जात होता.”

त्यांचं हे बोलणं माझ्या मनात रुजलं. तेव्हापासून मी इतिहासाचं किंवा आपत्तीचं कोणतंही पुस्तक हाती घेतलं की घटनेच्या दिवसाचं प्रकरण शोधत नाही. मी आधीची पानं वाचते. कोणाला काय माहीत होतं, कोणी कोणाला कळवलं होतं, पैसा कुठं अडला, कोणत्या कागदावर सही झाली आणि कोणता कागद तसाच पडून राहिला. पुस्तक चांगलं आहे की नुसतं थरारक आहे, हे मला आता या पानांवरून कळतं. ज्या लेखकाला आधीचं सांगायचंच नसतं, त्याच्या पुस्तकात आपत्ती आकाशातून पडते.

या वाचनानं माझ्या शहराबद्दलचा अभिमानही जरा शहाणा झाला. १८०१ साली सर्जेरावांनी इंदूरची राखरांगोळी केली, ही इथल्या माणसाच्या डोक्यातली ठळक आठवण. पुढच्याच वर्षी, २५ ऑक्टोबर १८०२ रोजी यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ हडपसरला शिंदे आणि पेशवे यांच्या फौजेचा पराभव केला. आम्ही हे विजयाचं पान म्हणून वाचतो. पुण्याकडचा वाचक तेच पान होळकरांच्या स्वारीनं पोळलेल्या मुलखाची हकिगत म्हणून वाचतो, आणि त्याचं वाचन खोटं नाही. फौजांनी पिकं आणि गुरं नेली, वर पाऊस चुकला आणि १८०३-०४ साली दख्खनेत भयंकर दुष्काळ पडला. गॅझेटियरांत तो पावसाबरोबरच या फौजांच्या नावावर नोंदलेला आहे. तो राजकारणात धरायचा की निसर्गाच्या कोपात? शेतकऱ्याच्या घरात दाणा नव्हता, एवढं तर दोन्ही कपाटांतली पुस्तकं सांगतात. म्हणून इंदूरचा इतिहास मागणाऱ्याला मी पुण्याकडून लिहिलेलं एक पुस्तक आवर्जून बरोबर देते. दोन्ही वाचल्याशिवाय चित्र पुरं होत नाही, हे मी माझ्या वाचकांना मनापासून सांगते आणि बहुतेकांना ते पटतं.

आमच्याकडे सर्वांत जास्त हाताळलं गेलेलं खरं पुस्तक कोणतं, असं मला कोणी विचारलं तर मी विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’कडे बोट दाखवीन. वरसईचे हे गरीब भिक्षुक १८५७ साली बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञाची वार्ता ऐकून दक्षिणेच्या आशेनं उत्तरेकडे निघाले. बंड होणार ही बातमी त्यांना शिपायांकडून कळली ती महूजवळ, म्हणजे इथून तासाभराच्या अंतरावर. १ जुलै १८५७ रोजी इंदूरच्या रेसिडेन्सीवर हल्ला झाला आणि त्याच दिवशी महूची पलटणही उठली. त्याच सुमारास हा ब्राह्मण आपल्या काकांबरोबर इथून पुढं सरकला. पुढं झाशीच्या वेढ्यात ते शहरात अडकले. इंग्रजी फौज आत शिरल्यावर झालेली कत्तल, लूट, तहान, जळणारी घरं त्यांनी पाहिली आणि उतारवयात लिहून काढली. झाशीच्या राजवाड्यातल्या ग्रंथसंग्रहाची नासधूस त्यांनी सांगितली आहे, ते मी दरवेळी थांबून वाचते. राज्य गेलं, माणसं गेली, आणि त्या धुमाळीत एका भिक्षुकाला पोथ्यांचं दुःख लिहून ठेवावंसं वाटलं.

या पुस्तकाची स्वतःची हकिगत वाचकांना सांगणं मला माझ्या कामाचा भाग वाटतो. इंग्रजी अमलात हे छापणं धोक्याचं होतं. चिंतामण विनायक वैद्यांनी ते गोडसे भटजींच्या पश्चात, १९०७ साली प्रसिद्ध केलं आणि करताना मजकुरात बरेच फेरफार केले. मूळ हस्तलिखिताबरहुकूम मजकूर दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली छापला. मधल्या जवळजवळ साठ वर्षांत मराठी वाचकानं जे ‘माझा प्रवास’ वाचलं ते भीतीच्या गाळणीतून आलेलं होतं. डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाचं लिहिणंसुद्धा आपल्यापर्यंत पोचताना राजकारणातून जातं. म्हणून आवृत्ती कोणती, संपादक कोण, सन कोणता हे बघण्याची सवय मी इथं येणाऱ्या विद्यार्थ्यांना लावते. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं सुरुवातीला कंटाळतात. मग त्यांनाच त्यात रस वाटू लागतो. एका मुलीनं दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून कुठं काय बदललं त्याची यादी केली. ती यादी मी पुस्तकाच्या मागच्या पाकिटात जपून ठेवली आहे आणि पुढचे वाचक ती वापरतात.

आता माझ्या कामातला एक भाग सांगते, जो बाहेरून दिसत नाही. पुस्तक आलं की दाखल नोंदवहीत चढतं आणि त्याला विषयाचा क्रमांक द्यावा लागतो. ड्यूई पद्धतीत भारताचा इतिहास ९५४, राज्यशास्त्र ३२०, दुष्काळ आणि अन्नपुरवठा ३६३.८, आपत्ती ३६३.३४, सार्वजनिक आरोग्य ६१४, धरणं ६२७ आणि नगररचना ७११. क्रमांक दिला की पुस्तकाचे शेजारी ठरतात आणि शेजाऱ्यांवरून ते कोणाच्या हाती लागणार हेही ठरतं. धरणात बुडालेल्या गावावरचं पुस्तक ६२७ मध्ये ठेवलं तर ते अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला सापडतं. ९५४ मध्ये ठेवलं तर इतिहासाच्या वाचकाला. पी. साईनाथ यांचं ‘दुष्काळ आवडे सर्वांना’ अन्नपुरवठ्यात लावलं तर ज्यानं ते पहिल्यांदा वाचायला हवं तो राजकारणाचा वाचक त्याच्यापाशी पोचतच नाही. एका क्रमांकानं पुस्तकाची अर्धी माणसं तुटतात. म्हणून मी सूचीत एका पुस्तकासाठी तीन-तीन नोंदी करते, आणि काही पुस्तकांसाठी क्रमांकांची भिंत ओलांडून एक वेगळा खण केला आहे. त्या खणावर मी एकच सन लिहिला आहे : १९८४.

हा खण कसा झाला ते सांगते. मध्य प्रदेशातल्या माणसासाठी त्या वर्षाचे शेवटचे महिने विलक्षण होते. २३ ऑक्टोबर १९८४ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते नर्मदेवरच्या इंदिरा सागर प्रकल्पाची कोनशिला बसली. ३१ ऑक्टोबरला त्यांची हत्या झाली, दंगली उसळल्या आणि नोव्हेंबरात आमचा राजवाडा जळला. २ आणि ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री भोपाळला युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. दीड महिन्याच्या आत एक धरण, एक दंगल, एक वायुकांड. पुस्तकं शोधायला गेलं की एक अभियांत्रिकीत, एक राजकारणात, एक आपत्तीत. वाचकाला हा काळ सलग दिसावा म्हणून मी ती सगळी एकत्र आणली.

इंदिरा सागरच्या पाण्यात खंडवा जिल्ह्यातलं हरसूद गेलं. ३० जून २००४ ही गाव सोडायची शेवटची तारीख होती. पत्रकार विजय मनोहर तिवारी यांचं ‘हरसूद 30 जून’ हे हिंदी पुस्तक त्या दिवसांचं आहे. लोकांनी आपली घरं आपल्या हातांनी पाडली, विटा आणि दारं काढून नेली, हे वाचताना घशाशी आवंढा येतो. पण हरसूदची आधीची पानं फार मागं जातात. २८ सप्टेंबर १९८९ रोजी विनाशकारी विकासाविरुद्ध याच गावात देशभरातल्या लोकांचा प्रचंड मेळावा भरला होता. कोनशिलेनंतर पाच वर्षांनी आणि गाव बुडण्याच्या पंधरा वर्षं आधी. म्हणजे कोणी सांगितलंच नव्हतं असं म्हणायला जागा नाही. आमच्या वाचकांत खंडव्याकडची काही मराठी कुटुंबं आहेत. त्यांच्यापैकी एका आजींनी हे पुस्तक सुनेकडून मोठ्यानं वाचून घेतलं आणि परत करताना म्हणाल्या, “यात आमच्या बाजाराचा रस्ता आहे. नकाशात आता नाही, पण यात आहे.” स्वेतलाना अलेक्सिएविच यांनी चेर्नोबिलच्या लोकांचे आवाज जसेच्या तसे नोंदवले आणि २०१५ साली त्यांना नोबेल मिळालं, तेव्हा मला या आजींची आठवण झाली. अशी पुस्तकं हरवलेल्या जागेचा दाखला असतात आणि दाखला जपणं हे ग्रंथालयाचं काम आहे.

भोपाळवर वाचक येतात ते बहुधा डिसेंबरात. पण २०२५ च्या जानेवारीत ते अचानक वाढले. भोपाळच्या बंद कारखान्यात चाळीस वर्षं पडून असलेला सुमारे ३३७ टन विषारी कचरा बंद कंटेनरांतून पीथमपूरला आणला गेला. पीथमपूर इंदूरच्या शेजारचं. इथली कितीतरी घरं तिथल्या कारखान्यांवर चालतात. लोक रस्त्यावर आले. कचरा जाळल्यावर हवेत काय जाईल, राखेचं काय होईल, यशवंत सागर तलावाच्या पाण्यात काय उतरेल, अशी धास्ती घरोघर होती. उच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली आधी थोडा थोडा कचरा चाचणी म्हणून जाळला, आणि जूनअखेरीस सगळा जाळून झाला. प्रदूषणाची पातळी मर्यादेत असल्याचं सरकारनं सांगितलं. लोकांच्या मनातली धाकधूक मात्र एवढ्यानं गेली नाही.

त्या दिवसांत पीथमपूरच्या एका कारखान्यात काम करणारा मराठी मुलगा संध्याकाळी पाळी संपवून येई आणि बंद होईपर्यंत वाचत बसे. दोमिनिक लापिएर आणि हाविएर मोरो यांनी भोपाळवर २००१ साली लिहिलेलं पुस्तक मी त्याला दिलं आणि सांगितलं, “मध्यरात्रीपर्यंत पोचायची घाई करू नकोस.” त्या पुस्तकाचा मोठा भाग त्या रात्रीआधीचा आहे. ओडिशातल्या खेड्यातून निघालेली कुटुंबं, कीटकनाशकाचा शोध, कारखान्याची भरभराट आणि मग उतरती कळा. त्यानं ते वाचलं आणि एका वहीत सनावळी काढली. १९८१ च्या डिसेंबरात फॉस्जिन वायूनं अशरफ नावाच्या कामगाराचा मृत्यू. १९८२ च्या मे महिन्यात कंपनीच्याच अमेरिकी तज्ज्ञांनी नोंदवलेल्या त्रुटी. त्याच वर्षी राजकुमार केसवानी या तरुण पत्रकारानं ‘रपट’ या आपल्या छोट्या साप्ताहिकात दिलेले धोक्याचे इशारे आणि १९८४ च्या जूनमध्ये ‘जनसत्ता’त पुन्हा दिलेला इशारा. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद, वायू जाळणाऱ्या मनोऱ्याची नळी काढलेली, वायू निष्प्रभ करणारी यंत्रणा तयार नाही. मग ती रात्र.

वही मिटून तो म्हणाला, “ताई, भोपाळची आधीची पानं वाचली. आता पीथमपूरची द्या.”

त्याची मागणी रास्त होती आणि तिच्यासाठी माझ्याकडे पुस्तक नव्हतं. वर्तमानपत्रांची कात्रणं होती. २०१५ च्या ऑगस्टमध्ये पीथमपूरलाच दहा टन कचरा चाचणी म्हणून जाळला होता, त्याच्या बातम्या मी काढून दिल्या. त्यानं त्या उतरून घेतल्या, कारखान्यातल्या मित्रांना नेऊन दाखवल्या. त्या दिवशी मला माझ्या कामाची दुसरी बाजू दिसली. पुस्तक फार उशिरा येतं. घटना घडते, चौकशी होते, खटला चालतो आणि मग कधीतरी कोणी लिहितं. भोपाळच्या खटल्यात अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली ती २०१० च्या जूनमध्ये, पंचवीस वर्षं उलटून गेल्यावर. मधल्या काळात आधीची पानं सुटी सुटी असतात : एखादा अर्ज, एखादी नोटीस, एखादी चार ओळींची बातमी. ती कोणी जपली नाहीत तर पुढच्या लेखकाच्या हाती फक्त त्या दिवसाची हकिगत उरते.

म्हणून मी फायली करायला लागले. इंदूरची हुकूमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली आणि कामगारांना त्यांची देणी मिळायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. तिची फाइल आहे. तिच्यातले कितीतरी कागद मिल कामगारांच्या मुलांनी आणून दिले. पटेलनगरच्या मंदिरातल्या बावडीची फाइल आहे. ३० मार्च २०२३ रोजी, रामनवमीला, बावडीवर घातलेला स्लॅब खचला आणि ३६ माणसं गेली. तिथल्या बांधकामाबद्दल रहिवाशांनी आधी तक्रारी केल्या होत्या, महापालिकेची नोटीसही निघाली होती. त्या तारखा मी फाइलच्या पहिल्याच पानावर लावल्या आहेत.

कोणी म्हणेल, एवढं सगळं वाचून माणूस खचून जाईल. माझा अनुभव तसा नाही, आणि त्याचं कारण याच शहरावरचं एक पुस्तक आहे. इंदुरात प्लेगचं थैमान होतं त्या काळात होळकर दरबारानं पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराला बोलावलं. त्यांचा इंदूरच्या नगरविकासावरचा अहवाल १९१८ साली दोन खंडांत, होळकर सरकारच्याच छापखान्यात छापून निघाला. गेडिस इथल्या गल्ल्यांतून हिंडले, कान्ह आणि सरस्वती या नद्यांचे काठ त्यांनी पाहिले. जुनी वस्ती सरसकट पाडण्यापेक्षा थोडं काढून पुष्कळ राखावं, असं त्यांचं मत होतं. प्लेगच्या भीतीवर त्यांनी केलेला उपाय मी वाचकांना नेहमी सांगते. दिवाळीच्या सुमारास त्यांनी एक भव्य मिरवणूक काढली. ती कोणत्या रस्त्यानं जाणार हे ठरलं स्वच्छतेवर. ज्या रस्त्यावरची घरं जास्त साफ आणि डागडुजी केलेली, त्या रस्त्याला मान. लोकांनी घरं झाडली, कचरा काढला, भिंती रंगवल्या. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची मोठी आकृती होती. साथ पुन्हा भडकण्याआधी शहरानं कंबर कसली होती.

हे पुस्तक नगररचनेच्या ७११ मध्ये राहतं, पण मी त्याची नोंद आपत्तीतही केली आहे. टळलेल्या संकटावर कोणी पुस्तक लिहीत नाही, कारण घडलेलं काहीच नसतं. आधीची पानं वेळेवर वाचली गेली तर काय होतं, हे ज्या थोड्या ग्रंथांत दिसतं त्यांतला हा एक, आणि तो आमच्या गावचा आहे. वायुकांडावरची पुस्तकं वाचून जड मनानं उठणाऱ्या त्या पीथमपूरच्या मुलाला मी शेवटी गेडिस दिला. इंग्रजी अवघड होतं, तरी आम्ही दोघांनी मिळून मिरवणुकीचा भाग वाचला. दुसऱ्या आठवड्यात तो आपल्या मोहल्ल्यातल्या नाल्याबद्दल नगरपालिकेला दिलेल्या अर्जाची प्रत घेऊन आला, पोच घेतलेल्या शिक्क्यासह. मी ती फायलीत लावली.

आता मी प्रत्येक वाचकाला दोन गोष्टी सांगते. इतिहासाचं, राजकारणाचं किंवा एखाद्या दुर्घटनेवरचं पुस्तक नेलंत तर घटनेच्या दिवसापर्यंत उड्या मारत जाऊ नका. आधीची पानं सावकाश वाचा, कोणाचं म्हणणं कोणी ऐकलं नाही ते टिपून ठेवा. आणि तुमच्या वस्तीत आज कोणी धोक्याचा अर्ज दिला असेल, तर त्याची एक प्रत ग्रंथालयात आणून द्या. उद्या त्यावर पुस्तक लिहिणाऱ्याला ती लागेल. आणि तो अर्ज ज्याच्या टेबलावर आहे त्यानं तो वेळेवर वाचला, तर ते पुस्तक लिहिण्याची पाळी कोणावर येणार नाही.